मतदानाचा दिवस आणि मजुराची मजुरी

शाळेस सुट्टी मिळाली म्हणजे विद्यार्थ्यांस आनंद व्हावा हे अगदी स्वाभाविक आहे. त्यातून मतदानाच्या दिवसाची सुट्टी काही निराळीच! त्या दिवशी आपल्याच वर्गाच्या खोलीत मतदानकेंद्र भरते. ज्या बाकावर आदल्या दिवशी आपण गणिते सोडविली, त्याच बाकावर मतदारांची यादी पसरून अधिकारी बसतात, आणि आपल्या वडीलधाऱ्या माणसांची रांग व्हऱ्हांड्यातून थेट अंगणापर्यंत जाते. हा देखावा आमच्या बालवाचकांनी पाहिला असेलच.

२०२४ सालच्या विधानसभेच्या निवडणुकीनंतर शाळा पुन्हा भरली, तेव्हा खालच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने एक प्रश्न केला. तो म्हणाला, "गुरुजी, परवा शाळेला सुट्टी होती, बँकेला होती, कचेरीला होती, मग माझ्या आईला का नव्हती?" त्याची आई दुसऱ्याच्या रानात खुरपणीस जाते. सकाळी रानात जावयाचे, दिवस मावळता परतावयाचे, असा तिचा क्रम. मतास गेली असती तर त्या दिवसाची मजुरी बुडाली असती. मजुरीस गेली म्हणून मत बुडाले. या प्रश्नाला त्या वेळी वर्गात जे उत्तर दिले गेले त्याने आमचे समाधान झाले नाही. म्हणून या वार्षिकांकाच्या निमित्ताने आम्ही त्याचा थोडा विस्ताराने विचार करीत आहो. हा अंक मुलांबरोबर पालकांच्याही हाती जातो, आणि या प्रश्नाचे खरे उत्तर पालकांच्याच हाती आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मतदानाच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर होते हे सर्वांस ठाऊक आहे. ही सुट्टी १८८१ सालच्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमान्वये जाहीर केली जाते. तिचा लाभ मुख्यतः सरकारी कचेऱ्या व बँका यांस होतो. कारखान्यातील कामगार, दुकानातील नोकर, उपाहारगृहातील पोऱ्या यांचे त्या सुट्टीने भागत नाही. कारण त्यांस कामावरून सोडणे वा न सोडणे हे मालकाच्या मर्जीवर राहते, आणि सोडले तरी त्या दिवसाचे वेतन मिळेलच असे नाही. ही उणीव ध्यानात घेऊन १९९६ साली लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यात '१३५ ब' हे नवे कलम घालण्यात आले. त्याचा आशय आम्ही सोप्या शब्दांत सांगतो. कोणत्याही धंद्यात, व्यापारात, कारखान्यात अथवा अन्य आस्थापनेत काम करणाऱ्या आणि लोकसभेच्या वा विधानसभेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क असलेल्या प्रत्येक व्यक्तीस मतदानाच्या दिवशी सुट्टी दिली पाहिजे. त्या सुट्टीबद्दल तिच्या वेतनातून काहीही कापता कामा नये. आणि ज्याला कामावर न आल्या दिवसाचे पैसे एरव्ही मिळत नाहीत, अशा रोजंदारीच्या माणसासही सुट्टी नसती तर जे वेतन मिळाले असते तेच दिले पाहिजे. हे न पाळणाऱ्या मालकास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अपवाद एकच : ज्याच्या गैरहजेरीने धोका उद्भवेल किंवा कामाची मोठी हानी होईल, अशा माणसास हे कलम लागू नाही.

या कलमातील रोजंदारीविषयीचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याचे एका दिवसाच्या सुट्टीने काही अडत नाही. ज्याची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला नुसती सुट्टी देणे म्हणजे उपाशी राहण्याची मोकळीक देणे होय. सुट्टी आणि मजुरी ही दोन्ही एकत्र दिली तरच गरिबाच्या मताला काही अर्थ राहतो. हा विचार कायद्याने केला आहे, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे.

परंतु आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आईचे काय? कायद्यात धंदा, व्यापार, कारखाना आणि अन्य आस्थापना हे शब्द आहेत. रान आणि घर हे शब्द नाहीत. दुसऱ्याच्या शेतात खुरपणारी बाई आणि दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई यांची नावे त्या कलमात स्पष्टपणे कोठेही आलेली नाहीत. समजा, त्यांचा समावेश 'अन्य आस्थापना' या शब्दांत होतो असे कोणी सिद्ध केले, तरी एका दिवसाच्या मजुरीसाठी कोर्टाची पायरी चढणारी खुरपणारीण आम्ही तरी पाहिली नाही. म्हणजे जेथे कायद्याचा हात पोचत नाही, तेथे मालकाच्या सद्बुद्धीवरच भिस्त ठेवावी लागते.

या विषयावर बोलण्याचा आमच्या औंधास विशेष अधिकार आहे. किंबहुना ते औंधाचे कर्तव्यच आहे असे आम्ही समजतो. आमच्या नव्या पिढीस औंध म्हटले म्हणजे डोंगरावरील यमाईचे देऊळ आणि तेथील चित्रसंग्रहालय एवढेच आठवते. पण याच औंधात हिंदुस्थान स्वतंत्र होण्यापूर्वी आठ वर्षे एक मोठा प्रयोग घडला. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा संकल्प १९३८ च्या अखेरीस जाहीर केला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन हे या कामी पुढे होते, आणि महात्मा गांधींचा सल्ला त्यांस लाभला होता. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधाची स्वराज्य घटना अमलात आली. संस्थान ते केवढे! ७२ गावे, सुमारे ५०० चौरस मैलांचा मुलूख, आणि तोही सलग नव्हे. औंध, आटपाडी, कुंडल आणि आज कर्नाटकात असलेले गुणदाळ, असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. तरीही गावोगावी पाच जणांची निवडून दिलेली पंचायत आली. गावांच्या पंचायतींतून तालुक्याची सभा, आणि तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ, अशी रचना होती. सत्तेचा झरा वरून खाली न सोडता खालून वर न्यावा, हे त्या घटनेचे सार होय. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा प्रयोग संपला. तथापि त्याची शिकवण संपली असे आम्ही मानीत नाही.

येथे एक विसंगती आमच्या मनास बोचते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. औंधाने ज्या गावपंचायतीस स्वराज्याचा पाया मानले, त्या पंचायतीच्या निवडणुकीचे नाव वर सांगितलेल्या कलमात नाही. तेथे उल्लेख आहे तो लोकसभा व विधानसभा यांचाच. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्या मतदानासाठी राज्य सरकार वेळोवेळी निराळे हुकूम काढते. पण हुकूम म्हणजे कायदा नव्हे. गावच्या पाण्याचा, रस्त्याचा, शाळेच्या छपराचा निर्णय जेथे होतो, तेथे मजुराचा मताचा दिवस अधिक भक्कमपणे सुरक्षित असावयास हवा. संसदेने व राज्य विधिमंडळाने स्थानिक निवडणुकांसही हेच संरक्षण स्पष्ट शब्दांत द्यावे, असे आमचे मत आहे.

आता यावर मालकवर्गाकडून दोन आक्षेप येतात. ते आमच्या कानावर नेहमी पडतात, आणि ते पोरकट आहेत असे म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप नुकसानीचा. लहान दुकानदार म्हणतो, "मोठ्या कारखानदारास एक दिवस जड नाही, माझे दोन नोकर, त्यांचा दिवसभराचा पगार मी खिशातून का द्यावा?" यावर आम्ही साधा हिशेब मांडतो. पाच वर्षांचे दिवस होतात सुमारे १,८२६. मुदती यथाक्रम पुऱ्या झाल्या तर त्यांत लोकसभेच्या मतदानाचा एक व विधानसभेच्या मतदानाचा एक, असे दोन दिवस येतात. स्थानिक निवडणुका धरल्या तर आणखी दोन-तीन. अठराशे दिवसांतील चार-पाच दिवस ज्या धंद्यास सोसत नाहीत, त्या धंद्याचे दुखणे नोकराची सुट्टी हे नव्हे. शिवाय ज्या सेवा बंद ठेवताच येत नाहीत, म्हणजे दवाखाना, वीज, पाणी, तेथील माणसांस पाळीपाळीने काही तासांची पगारी सवलत देऊन मतास पाठविता येते. आपले राज्य सरकारही निवडणुकीच्या वेळी तशाच सूचना काढीत असते.

हा आक्षेप नवाही नाही. मुंबईच्या गिरणीतील मजूर एकेकाळी आठवड्याचे सातही दिवस राबत असत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, त्यात आठवड्याच्या सुट्टीची मागणी होती. ती मान्य होऊन रविवारची सुट्टी मिळावयास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. आज ज्या रविवारी आमचे विद्यार्थी खेळतात, तो रविवार गिरणीमजुरास मागून, भांडून मिळवावा लागला. त्या सुट्टीने गिरण्यांचा धूर थांबला नाही. एकदा अंगवळणी पडलेला न्याय कोणास जड वाटत नाही. जड वाटतो तो पहिल्या दिवशी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मालक म्हणतात, "आम्ही सुट्टी देतो, पण मत द्यावयास जातो कोण? निम्मे लोक सहलीस जातात." हा आरोप अगदीच निराधार नाही, हे आम्हांस खेदाने कबूल करावे लागते. मात्र तो लागू पडतो कोणास? सहलीस जातो तो पगारदार सुशिक्षित. २०१९ सालच्या विधानसभेचे मतदान सोमवारी, २१ ऑक्टोबर रोजी झाले. शनिवार-रविवारास जोडून तिसरी सुट्टी आली. राज्यातील मतदान शेकडा ६१ च्या आसपास राहिले. २०२४ साली निवडणूक आयोगाने मुद्दाम आठवड्याच्या मधला वार, बुधवार, २० नोव्हेंबर हा निवडला. शहरी मतदाराने सुट्टीला सुट्टी जोडू नये हाच त्यात हेतू होता. त्या वेळी मतदान शेकडा ६६ पर्यंत चढले. ही वाढ केवळ वाराने झाली असे आम्ही म्हणत नाही. निवडणुकीत इतरही अनेक कारणे असतात. पण ज्यांना सुट्टी सहज मिळते त्यांच्यासाठी आयोगास वार बदलावा लागावा, आणि ज्यांना ती मिळत नाही त्यांनी रानातून रांगेकडे पाहत राहावे, ही गोष्ट सुशिक्षितांस भूषणावह नाही. आमच्या पालकांपैकी जे या वर्गातील आहेत त्यांनी रागावू नये. स्वतःस विचारून पाहावे.

काही मालक बोटावरची शाई पाहूनच त्या दिवसाची मजुरी देऊ असे म्हणतात. कायद्यात अशी अट नाही. आपल्या देशात मत देणे हा हक्क आहे, सक्ती नव्हे. मजुरी अडवून हक्क बजावावयास लावणे म्हणजे हक्काचे रूपांतर वेठीत करणे होय. मालकाने दार उघडे ठेवावे. दारातून जाणे हे माणसाच्या विवेकावर सोडावे.

इतर देशांत काय चालते हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. ऑस्ट्रेलियात मतदान शनिवारी होते, आणि तेथे १९२४ पासून संघराज्याच्या निवडणुकीत मत देणे सक्तीचे आहे. कॅनडात मतदान चालू असताना सलग तीन तास मोकळे मिळण्याचा हक्क मतदारास आहे, आणि त्यापायी नोकराचे वेतन कापता येत नाही. इंग्लंडात प्रघाताने गुरुवारी मतदान होते, सुट्टी नसते. पण केंद्रे सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उघडी असतात. अमेरिकेत १८४५ च्या कायद्याने नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरलेला आहे, आणि देशभर लागू होईल अशी सुट्टी त्या दिवशी आजही नाही. काही प्रांतांनी आपापले नियम केले आहेत. या तुलनेत संपूर्ण दिवस आणि संपूर्ण वेतन देणारा आमचा कायदा उदार ठरतो. उणीव आहे ती तो पाळण्यात, आणि तो सर्वांपर्यंत पोचण्यात.

पोचण्याचा हा प्रश्न आमच्या मुलखात फार जिव्हाळ्याचा आहे. माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा प्रदेश. येथील माणूस पोटासाठी दूर जातो. कोणी मुंबईस ओझी उचलतो. कोणी गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोन्याचांदीच्या आटणीच्या कामात, मद्रासकडे वा बंगालकडे दुकान मांडून बसतो. उलट बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीची जोडपी कृष्णाकाठच्या कारखान्यांकडे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि फडाच्या कडेला पाचटाची खोप, हा त्यांचा संसार. २०२४ साली गाळपाचा हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरले आणि मतदान होते २० नोव्हेंबरला! ज्याचे नाव यादीत बीडकडे आणि कोयता कृष्णाकाठी, त्याला एका दिवसाची पगारी सुट्टी दिली तरी तिचा उपयोग काय? मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्यासही आपल्या मतदारसंघातील मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा हक्क आहे, असे निवडणूक आयोगाने स्पष्ट केलेले आहे. पण जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात, भाडे पदरचे. आणि ज्याची मजुरी टनावर मोजली जाते त्याचा 'एक दिवसाचा पगार' कोणी व कसा मोजावा?

यावर उपाय अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. आमच्या सातारा जिल्ह्यास सैनिकांची परंपरा आहे. सीमेवरील जवानास गावी यावे लागत नाही. त्याचे मत टपालाने येते. २०२४ सालच्या निवडणुकांत पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांकडे आणि विकलांग मतदारांकडे अधिकारी घरी जाऊन मत घेऊन आले. म्हणजे जेथे मनात आणले तेथे मतपत्रिका मतदाराच्या दारी गेली आहे. स्थलांतरित मजुरांसाठी दूरस्थ मतदानाचे एक नमुनायंत्र निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस पुढे मांडले, जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांस त्याच्या प्रात्यक्षिकासाठी बोलाविण्यातही आले. परंतु पक्षांनी शंका घेतल्या आणि ते वापरात आले नाही. शंका घेणे गैर नव्हे. मतपेटीच्या बाबतीत शंका घ्यावयासच हवी. मात्र शंकांचे निरसन होईपर्यंत ऊसतोड्याचे मत फडातच राहावे, हेही न्याय्य नव्हे. निदान हंगामाचा आरंभ मतदानानंतर करावा, एवढे तर कोणतेही यंत्र नसताना करता येण्यासारखे आहे.

असो. कायदे करणे आमच्या हाती नाही. पण जे आमच्या हाती आहे त्याविषयी पालकांशी दोन शब्द बोलून हा लेख आटोपता घेतो.

पालकहो, आपणांपैकी कोणाचे दुकान आहे, कोणाचे बागायती रान आहे, कोणाच्या घरी धुण्याभांड्यास बाई येते. आपण स्वतःस मालक म्हणवून घेत नसाल, तरी कोणाचा तरी दिवस आपल्या हाती आहे. बेंदराच्या दिवशी आपण बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. त्याला न्हाऊ घालतो, शिंगे रंगवितो, पुरणपोळी खाऊ घालतो; 'आज काम नाही, म्हणून आज वैरण नाही' असे कोणताही शेतकरी म्हणत नाही. बैलासाठी जे आपण कोणी न सांगता करितो, ते माणसासाठी कायदा करून सांगावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मतदानाच्या आदल्या सायंकाळी आपल्या गड्यास व मोलकरणीस आपण होऊन सांगा : "उद्या मतास जा, उद्याची मजुरी कापली जाणार नाही." आणि मत कोणास दिले हे चुकूनही विचारू नका, कारण ज्याच्याकडून मजुरी येते त्याने विचारलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाही, हुकूम होतो.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस अद्याप मत नाही. पूर्वी एकवीस वर्षे पुरी झाल्यावर मत मिळत असे. १९८९ पासून ते अठराव्या वर्षी मिळते. म्हणजे वरच्या वर्गातील तुमच्यापैकी अनेकांचे नाव दोन-तीन वर्षांतच यादीत येईल. तोपर्यंत तुम्हांस करता येण्याजोगे एक काम आहे. पुढच्या मतदानाच्या आधी घरी विचारा : आपल्याकडे कामास येणाऱ्या माणसाला उद्या सुट्टी आहे ना? आणि ज्यांचे आईबाप स्वतः मजुरीस जातात, त्यांनी '१३५ ब' हे कलम घरी समजावून सांगावे. मागण्यात कमीपणा नाही. ते दान नव्हे, देणे आहे.

ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न केला, तो आज वरच्या वर्गात गेला आहे. पुढच्या वेळी त्याच्या वर्गाच्या व्हऱ्हांड्यात जी रांग लागेल, त्या रांगेत भर दुपारी, कोणाची परवानगी न मागता आणि मजुरीची चिंता न करता, त्याची आई उभी असावी, एवढीच आमची इच्छा आहे.